तीर्थातली चिमूट

घरात कुणी खोकलं की अनसूयाच्या हातातलं काम थांबायचं. पोळी तव्यावर असो की फणी केसांत, ती क्षणभर तशीच उभी राहायची आणि खोकला कोरडा आहे की ओला, घशातला आहे की छातीतला, हे कानांनीच चाचपून बघायची. मग हात पुन्हा चालू. ही खोड तिला सासरी लागलेली नव्हती. ती तिनं माहेराहून, लासूर स्टेशनहून आणलेली होती.

तिचे वडील काकासाहेब लासूरच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांची थोरली बहीण पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत क्षयानं गेली. काकासाहेब तेव्हा अगदी लहान. बहिणीची गादी, गोधडी, सगळं शिवना नदीच्या काठावर नेऊन जाळलं. पाणी प्यायचा पितळी पेला जळेना, म्हणून तो वाळूत पुरला. म्हातारपणी ही हकिकत सांगताना ते बहिणीच्या मरणाशी थांबत नसत, पेल्याशी थांबत. "औषध निघालं होतं गं तेव्हा," ते म्हणत, "पण लासूरपर्यंत आलं नव्हतं." गाडी आज उशिरा आहे म्हणून सांगावं, तितक्याच शांतपणे ते हे सांगत. अनसूयाच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

रोज पॅसेंजरनं औरंगाबादला जाऊन-येऊन ती रसायनशास्त्र शिकली. लग्न होऊन औरंगाबादच्याच उस्मानपुऱ्यात आली. मुलगी जान्हवी शाळेत जायला लागल्यावर तिनं पीएच.डी. केली आणि पुढं त्याच प्रयोगशाळेत काम करत राहिली. काम कोणतं, ते तिला शोधावं लागलं नाही. क्षयावरचं नवं औषध.

सासूबाई भानुमतीबाई, सगळ्यांच्या माई, पहाटे उठून देवीचा पाठ करणाऱ्या, सोवळ्या-ओवळ्यात काटेकोर. सुनेच्या कपड्यांना रसायनांचा नेलपॉलिशसारखा वास यायचा म्हणून घरी आल्यावर साडी बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नेम होता. अनसूयालाही तो पटायचा, तिची कारणं वेगळी होती एवढंच. दिवसभर तिथं करतेस तरी काय, असं माईंनी एकदा विचारलं, तेव्हा चकल्या चालल्या होत्या. अनसूयानं सोऱ्याच हातात घेऊन सांगितलं. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणाचं जाड कवच असतं. ते तो स्वतःच करतो, आणि ते करणारं एक एन्झाइम त्याच्यापाशी असतं, असाच सोऱ्या समजा. पीठ घालत राहायचं, मेण बाहेर पडत राहतं. आता या चकतीच्या भोकात नेमका मावेल असा खडा अडकवला तर? चकली पडणार नाही. कवच होणार नाही. उघडा पडलेला जंतू मरेल. आम्ही तो खडा शोधतो.

"मग सापडला का?" माईंनी विचारलं.

अजून नाही, अनसूया म्हणाली. खडा अडकायला हवा आपल्या भोकात, पण माणसाच्या अंगातही असले हजार सोरे चालू असतात, त्यांत अडकायला नको. तिथंच घोडं अडतं.

हे बोलणं झालं तेव्हा घरात कुणी आजारी नव्हतं. ते हसण्यावारी गेलं.

मग धाकटा दीर वैजनाथ आजारी पडला. वाळूजला एका कारखान्यात तयार माल मोजून तपासायचं त्याचं काम, राहायला बजाजनगरात मित्रांसोबत एका खोलीत. खोकला होता, ताप होता, मेसचं जेवण आहे म्हणून वजन उतरलं असेल असं सगळे धरून चालले. क्षय निघाला. नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या, पण आराम पडेना. पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, हा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय आहे. ठरत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी गाजावाजा न करता थांबवलं. दोन हजार अकरा सालचा तो फाल्गुन. श्रीनिवासनं, म्हणजे अनसूयाच्या नवऱ्यानं, भावाला रिक्षात घालून घरी आणलं आणि पुढच्या मोठ्या खिडकीच्या खोलीत त्याची खाट टाकली.

रोजची सुई आणि मूठभर गोळ्या. गोळ्यांनी उलट्या व्हायच्या, सुईनं कानात शिट्टी वाजत राहायची. उन्हाळ्यात एकदा काविळीसारखं झालं. लिव्हर दुखावलंय, डॉक्टर म्हणाले, जपा. थुंकीचा रिपोर्ट एखाद्या महिन्यात चांगला यायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा वाईट. वैजनाथ मूळचा गमत्या माणूस. "वहिनी, तुमच्या दुकानातला माल कधी येणार बाजारात?" असं विचारायचा आणि हसताना खोकायचा. त्याचं ताट, वाटी, पेला त्यानं स्वतःच वेगळं काढून घेतलं होतं. हा रोग भांड्यातून जात नाही, श्वासातून जातो, हे अनसूयानं त्याला समजावून सांगितलं. "माहीतंय," तो म्हणाला, "पण घरात लेकरू आहे. राहू द्या वेगळंच." त्या वेगळ्या पेल्याकडं बघितलं की तिला शिवनेची वाळू आठवायची. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

श्रावणात एक चांगली बातमी आली. तिच्या प्रयोगशाळेत जिवंत जंतू ठेवायची सोय नव्हती. तयार केलेले पदार्थ परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जात. तिथून फोन आला की तुमच्या एकेचाळीस नंबरनं एन्झाइम बंद पाडलं. खडा अडकला. त्या संध्याकाळी साडीसुद्धा न बदलता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि माईंना सांगितलं. माईंनी देवापुढं तुपाचा दिवा लावला. वैजनाथनं त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली.

पितृपंधरवड्यात दुसरा फोन आला. एकेचाळीस नंबर माणसाच्या लिव्हरच्या पेशींवर टाकून पाहिला, पेशी मेल्या. तिचे सर म्हणाले, हा सोडून द्या अनसूयाबाई, पुढचे बघू. त्यांच्या दृष्टीनं ती रोजची गोष्ट होती. शंभर करावेत तेव्हा एखादा टिकतो. तिच्या दृष्टीनंही रोजचीच असायला हवी होती. पण घरी ती दीड भाकरी होती. तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता घट बसले.

आता त्या घरातली खंडेनवमी सांगायला हवी. नवमीला ज्याच्या-त्याच्या हातातलं हत्यार घासूनपुसून देवापुढं पाटावर ठेवायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. रात्रभर ते देवापाशी राहतं आणि दसऱ्याच्या पूजेनंतर परत हातात घ्यायचं. माईंची विळी, श्रीनिवासचं पेन, जान्हवीची कंपासपेटी. वैजनाथनं कारखान्यातून आणलेलं, मालाची जाडी मोजायचं स्वतःचं व्हर्नियर दिलं. मोजायचं काम सुटलं होतं, पण ते तो उशाशी ठेवून झोपायचा. अनसूया दर वर्षी पुस्तक ठेवत असे. यंदा माई म्हणाल्या, पुस्तक कशाला, ज्यात देवीनं यश दिलं ते आण की.

ती दुपारी प्रयोगशाळेतून एक रिकामी काचेची बाटली घेऊन आली, बोटाएवढी, काळ्या झाकणाची. माईंनी ती उजेडात धरली.

"रिकामं भांडं देवापुढं ठेवत नसतात गं."

एवढंच म्हणाल्या आणि फुलं निवडायला लागल्या. अनसूयाला तेव्हाच बोलता आलं असतं, की माई, यश नाही मिळालं, आत घालायला काही नाही. त्याऐवजी ती पुन्हा स्कूटीवर बसून गेली आणि एकेचाळीस नंबरची उरलेली पूड होती ती बाटलीच घेऊन आली. तशीही ती फेकायचीच होती, आणि तिच्या हातून फेकवत नव्हती. एक रात्र देवीपाशी राहील, मग टाकून देईन, असं तिनं स्वतःला समजावलं. प्रयोगशाळेतलं काहीही घरी न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम; नव्या मुलांना तो तीच शिकवत असे. झाकणावर तिनं मेणपट्टी घट्ट गुंडाळली, बाटली पाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि जान्हवीला बजावलं की हिला हात लावायचा नाही, अगदी लावायचा नाही.

माईंना बजावायचं तिच्या मनातही आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी घट उठले. माईंनी अभिषेक केला, पंचामृताचं तीर्थ झालं, आरती झाली. मग तीर्थ वाटलं. आधी जान्हवीला, मग श्रीनिवासला, मग अनसूयाला, मग माईंनी स्वतः घेतलं. वैजनाथ मागं भिंतीशी खुर्चीवर बसला होता, तोंडाला फडकं बांधून. त्याचा हट्ट ठरलेला: मला शेवटी, आणि पळी हाताला लागू न देता. म्हणून माईंनी पळी बाजूला ठेवली आणि वाटीच तिरकी करून उरलेलं सगळं वरून त्याच्या तळहातावर ओतलं. त्यानं फडकं खाली करून ते प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

पुरणाचा वास सुटला होता. बाहेर तोरणं लागली होती, कर्णपुऱ्याच्या देवीला चाललेल्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. अनसूया बाटली पर्समध्ये टाकायला देवघराशी वाकली आणि तिला झेंडूच्या पाकळ्यांत मेणपट्टी पडलेली दिसली.

बाटली जागेवर होती. झाकण लावलेलं होतं, पण ते काढून पाहिलं तर आतल्या कडेला कुंकवाचं बोट उमटलं होतं. पूड अर्ध्यावर आली होती.

 ती उभी राहिली नाही. तिथंच बसली आणि बसल्या जागेवरून माईंना हाक मारली. हाक इतकी हळू होती की माई पळत आल्या.

यातलं कुणी काढलं, तिनं विचारलं. मी, माई म्हणाल्या, अगदी सहज. देवीपुढं ठेवलेलं पुन्हा कुलपात कसं जाईल? रात्रभर देवीपाशी होतं, त्याचा प्रसाद झाला. म्हणून तीर्थात घातलं.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांना दिलं म्हणजे प्रसाद होतो, अनसूया. एकट्या वैजूला दिलं असतं तर ते औषध झालं असतं, आणि औषध द्यायला मी कोण?"

अनसूयानं जान्हवीकडं पाहिलं. पोरगी दारात उभी राहून रांगोळीत बोट फिरवत होती. स्वतःच्या जिभेवर मघाच्या मधाची चव अजून होती. आणि मग तिला आठवलं, ते पाण्यात विरघळत नाही. परगावच्या प्रयोगशाळेची तक्रारच होती, तुमचा एकेचाळीस नंबर पाण्यात तळाशी बसतो. तळाशी बसतो, म्हणजे वरून पळीनं घेतलेल्यांना थोडं आलं असेल. खाली बसलेलं सगळं, वाटी तिरकी करून, त्याला. पुढच्याच क्षणी दुसरं आठवलं: पंचामृतात तूप असतं, आणि तुपात ते विरघळतं.

"माई, ते लागू पडत नाही," ती म्हणाली. "पितृपंधरवड्यातच कळलं होतं. मी बोलले नाही. त्यानं लिव्हर मरतं."

माईंचा हात भिंतीला गेला. खुर्चीवर वैजनाथनं हे ऐकलं. त्यानं फडकं पुन्हा नाकावर ओढून घेतलं, जणू आता त्यालाच सगळ्यांपासून जपायचं होतं. श्रीनिवास रिक्षा बघायला अनवाणीच पळाला.

नेमकी त्याच वेळी शेजारच्या द्वारकाबाई सोनं द्यायला आल्या. मूळच्या गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या, मोठ्या आवाजाच्या. हातात आपट्याची पानं. माईंच्या पाया पडून म्हणाल्या, सोनं घ्या, सोन्यावानी राहा. मग वैजनाथकडं वळून, "यंदा लई गप झाला रं तू. पुढल्या दसऱ्याला सोनं तुझ्या बायकोच्या हातून घेणार हाय मी, आत्ताच सांगून ठिवते." वैजनाथनं दोन्ही हात पुढं करून पानं घेतली आणि हसला.  द्वारकाबाईंनी एकेकाचा चेहरा पाहिला, पुरणाचं पातेलं गॅसवर लागत होतं तिकडं पाहिलं, आत जाऊन गॅस बंद केला आणि जान्हवीचा हात धरला. "जावा तुम्ही. घर मी बघते." काय झालं ते त्यांनी विचारलंच नाही.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी कमी होती. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वैजनाथची फाइल उघडली, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते पाहिलं आणि काय खाल्लं ते विचारलं. अनसूयानं नाव सांगितलं. ते लांबलचक नाव डॉक्टरीणबाईंना कळेना, म्हणून तिनं कागद मागून घेऊन रेणूचं चित्र काढून दाखवलं. सगळे षट्कोन बरोबर आले.

"हे कोणत्या औषधात असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कशातच नाही. मी तयार केलंय."

"आधी कुणी घेतलं असेल ना? उंदरांना वगैरे दिलं असेल?"

"कुणालाच नाही. आजवर कुणी खाल्लेलंच नाही ते."

हे म्हणताना तिला काय वाटलं ते तिला पुढं कितीदा सांगायचा प्रयत्न करूनही सांगता आलं नाही. विंचू चावला, साप चावला, कुणी शेतातलं औषध प्यायलं, तर डॉक्टरांना माहीत असतं काय होणार. तिनं केलेल्या या पुडीचं काय होणार ते साऱ्या दुनियेत कुणालाच माहीत नव्हतं. करणारीला तर नव्हतंच.

पोट साफ करायचं औषध दिलं, सगळ्यांचं रक्त घेतलं. जान्हवीलाही द्वारकाबाई घेऊन आल्या; सुई टोचताना पोरगी रडली नाही, आईकडं बघत राहिली. चौघांचे रिपोर्ट ठीक आले. तरी काही दिवसांनी पुन्हा दाखवा, म्हणाले. वैजनाथला ठेवून घेतलं आणि त्याच्या क्षयाच्या गोळ्या थांबवल्या. लिव्हरवर आणखी भार नको. म्हणजे एक भीती होतीच, आता दुसरी तिच्या शेजारी येऊन बसली: गोळ्या थांबल्या की आतला जंतू काय करेल.

आत किती गेलं असेल, हे डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. अनसूयानं खाटेशी वाकून त्याला विचारलं, भाऊजी, शेवटचा घोट कसा लागला? तो विचार करून म्हणाला, खरखरीत होता, मला वाटलं साखर राहिली असेल. साखर होती की पूड, कुणी सांगावं? मग तिनं बाकावर जप करत बसलेल्या माईंना विचारलं, वाटीचं पुढं काय केलं? माई म्हणाल्या, नेहमीसारखी विसळली आणि पाणी तुळशीला घातलं.

अनसूया घरी आली. उन्हं अजून अंगणात होती. दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नाहीत, आणि इतर वेळी लावला तरी आधी नमस्कार करतात. तिनं नमस्कार केला, क्षमा मागितली आणि चमच्यानं वरची माती खरवडून डबीत भरली. मागून आलेल्या श्रीनिवासनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या घरात तुळशीची माती कुणी अशी उकरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली. माती द्रावणात घुसळली, गाळली, पातळ पट्टीवर त्याचा ठिपका ठेवला, शेजारी खुणेसाठी एकेचाळीस नंबरचा ठिपका. पट्टी वाळल्यावर निळ्या दिव्याखाली धरली. दोन्ही ठिपके एका उंचीवर चढले होते आणि दोन्ही सारखेच उजळले. तुळशीत पूड होती. तिनं बाटली तोलली, मातीतलं काढून तोललं. बरंच तुळशीत गेलं होतं. सगळं नाही. मधला जो फरक उरत होता तो कुठं होता, ते तिला ठाऊक होतं.

मागं सर येऊन उभे होते. सुट्टीचा दिवस, त्यांनी यायचं कारण नव्हतं. पहारेकऱ्यानं कळवलं असावं. तिनं पट्टी हातात ठेवूनच सगळं सांगितलं. बाटली घरी नेली, हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसले, डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला आणि एकेचाळीस नंबरबद्दल जे जे माहीत होतं ते तासभर फोनवर सांगत राहिले. फोन ठेवून तिला म्हणाले, तुमचं काय करायचं ते नंतर बघू, आता दवाखान्यात जा.

पुढं तिला काही महिने त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायची मनाई झाली. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही.

वैजनाथचे डोळे पिवळे झाले. रक्ताचे आकडे चढायला लागले आणि रोज सकाळी थोडे आणखी चढत. पुडीनं चढले की आधीच दुखावलेलं लिव्हर गोळ्यांनी थकलं होतं म्हणून चढले, हे डॉक्टरांना सांगता येईना, आणि ते तसं स्पष्ट म्हणाले. अनसूया खाटेशी बसून राही. त्याच्या नखांकडं बघे, डोळ्यांकडं बघे, झोपला की श्वासाकडं. तो जागा असताना बोलायची तिची हिंमत होत नसे. माईंनी अन्न सोडलं होतं. दुधावर होत्या आणि सारखा जप. सुनेला एका शब्दानं बोलल्या नाहीत. सुनेनंही त्यांना नाही. दोघींनाही वाटत होतं की दोष आपला, आणि तो दुसरीला वाटून देण्याइतकं मन कुणाचंच घट्ट नव्हतं.

एका दुपारी वैजनाथच म्हणाला,

"वहिनी, एक विचारू? खरं सांगा."

"विचारा."

"त्या जंतूला तरी काही झालं असेल का यानं?"

 तिनं खरं सांगितलं: एवढ्याशानं काही होत नाही, आणि जास्त दिलं असतं तर आधी तुम्ही गेला असता. त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, पितृपंधरवड्यात नापास झाला तर पितृपंधरवड्यातच सांगायचं ना. मी दीड भाकरी काय तुमच्या औषधासाठी खाल्ली होती? माई इतकी खूश होती म्हणून खाल्ली. यापुढं जे होईल ते सांगत जा, जमलं तरी आणि फसलं तरी. मालात खोट निघाली की आमच्यात लाल खूण करतात, लपवत नाहीत.

मग आकडे एका सकाळी चढायचे थांबले. पुढच्या सकाळी तिथंच होते. त्याच्या पुढच्या सकाळी किंचित खाली. डॉक्टरीणबाईंनी एकेक करून क्षयाच्या गोळ्या परत सुरू केल्या, प्रत्येक गोळीनंतर रक्त, प्रत्येक रक्तानंतर वाट बघणं. वसुबारसेच्या संध्याकाळी तो घरी आला. अंगणात द्वारकाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

पुढचं वर्ष काही सुखाचं गेलं असं नाही. गोळ्यांमध्ये पडलेल्या खंडाची भीती दर महिन्याच्या थुंकीच्या रिपोर्टाला घरभर पसरायची. पण रिपोर्ट चांगले येत गेले, आणि येतच राहिले. अनसूयाला पुन्हा कामावर घेतलं. संध्याकाळी साडी बदलून ती वैजनाथच्या खोलीच्या दारात बसे आणि आज काय फसलं ते सांगे. बावन्न नंबर एन्झाइमला चिकटलाच नाही. त्रेपन्न चिकटला आणि निघून आला. वैजनाथ ऐकून म्हणे, लाल खूण. माई आतून ऐकत असत. त्यांनी पुन्हा कधी त्यासाठी तुपाचा दिवा लावला नाही. रोजच्या दिव्यातच काय ते मागत असाव्यात.

खंडेनवमी आली. पाट मांडला, विळी आली, पेन आलं, व्हर्नियर आलं. अनसूया पुस्तक घेऊन उभी होती. माई म्हणाल्या,

"ती बाटली आण."

"माई..."

"रिकामी आण. नवी, कोरी. रिकामी चालेल."

बाटली पाटावर राहिली, विळीच्या शेजारी, आत काही नसलेली. माईंनी तिच्या झाकणावर कुंकू लावलं, आणि तेच बोट पदराला बराच वेळ पुसत राहिल्या.

दसऱ्याला अभिषेक झाला, आरती झाली. पंचामृत त्यांनी केलंच नव्हतं. चांदीच्या वाटीत नुसतं पाणी होतं आणि एक तुळशीचं पान, त्याच तुळशीचं. माईंनी वाटी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, तळ पाहिला. मग अनसूयापुढं धरली. तिनंही पाहिला. तळाला चांदीवरचा जुना ओरखडा तेवढा दिसत होता.

"वैजू, तू आधी," माई म्हणाल्या.

तो पुढं आला. पळीनं त्याच्या तळहातावर पाणी पडलं. ते त्यानं लगेच तोंडाला लावलं नाही. हात तसाच धरून तो क्षणभर पाण्याकडं बघत राहिला. श्रीनिवास, अनसूया, जान्हवी, सगळे त्याच्या हाताकडं बघत राहिले. पाण्याखाली हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. मग तो प्यायला. अनसूया त्याच्या गळ्याकडं बघत होती, आणि घोट खाली उतरेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.